25 डॉलर आणि 15 लाख डॉलर

माझा मावसभाऊ 2019 साली सिएटलमध्ये एच-1बी व्हिसावर नोकरी करत होता. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी सिटी काउन्सिलच्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराची कार्यकर्ती त्याच्या दारात आली. वाढलेली घरभाडी, बसचे मार्ग, शाळेसमोरचा सिग्नल यावर ती वीस मिनिटं बोलली. त्याला तिचं म्हणणं पटलं आणि ती निघताना त्याने 25 डॉलर पुढे केले. तिने हात मागे घेतला. तुम्ही नागरिक आहात का, नसाल तर ग्रीन कार्ड आहे का, एवढं तिने विचारलं. दोन्ही नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तुमच्याकडून मला एक डॉलरही घेता येणार नाही.

तिचं बरोबर होतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परदेशी नागरिकाला तिथल्या कुठल्याही निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. राष्ट्राध्यक्षाच्या नाहीत आणि गावच्या काउन्सिलच्याही नाहीत. सवलत फक्त ग्रीन कार्डवाल्यांना आहे. तुम्ही तिथे दहा वर्षं राहा, कर भरा, मुलं तिथल्या शाळेत घाला, नियम तोच.

त्याच महिन्यात, त्याच काउन्सिलच्या निवडणुकीसाठी, त्याच शहरात मुख्यालय असलेल्या अ‍ॅमेझॉनने एकरकमी 10 लाख डॉलर दिले. आधी दिलेले धरले तर जवळपास 15 लाख. त्यातही काहीच बेकायदेशीर नव्हतं. हे दोन नियम एकाच देशात शेजारी शेजारी कसे नांदतात, हा प्रश्न भावाने मला तेव्हा फोनवर विचारला होता. त्याचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, ते इथे सोपं करून सांगतोय.

सुरुवात आपल्याकडच्या सातबाऱ्यापासून करू. देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा कधी पाहिला असेल तर भोगवटादाराच्या रकान्यात देवाचं नाव असतं. जमीन देवाच्या नावावर असते. वाद झाला तर देवाच्या नावाने कोर्टात जाता येतं. कायद्याच्या भाषेत मूर्ती ही ‘व्यक्ती’ आहे. हाडामांसाची नव्हे, कायद्याने मानलेली. आपली हाउसिंग सोसायटीही अशीच व्यक्ती असते. तिचं बँकेत खातं असतं, ती बिल्डरवर दावा लावू शकते, सेक्रेटरी बदलला तरी सोसायटी तीच राहते. कंपनीही याच जातकुळीची. हे मानलं नाही तर प्रत्येक करारावर हजारो भागधारकांच्या सह्या घ्याव्या लागतील. त्यामुळे कंपनीला व्यक्ती मानणं यात मुळात गैर काही नाही.

पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून देवाला मतदार यादीत कोणी घालत नाही. सोसायटी नगरसेवकपदासाठी अर्ज भरत नाही. म्हणजे कायद्याने मानलेल्या व्यक्तीला कामापुरते हक्क मिळतात, माणसाचे सगळे हक्क मिळत नाहीत. अमेरिकेतला सगळा वाद इथेच आहे: कामापुरते म्हणजे नेमके किती?

तिथे याची जी कहाणी नेहमी सांगितली जाते ती 1886 ची. कॅलिफोर्नियातली सँटा क्लारा काउंटी आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनी यांच्यात कराचा खटला चालू होता. रेल्वेमार्गाच्या कडेच्या कुंपणावर कर कोणी लावायचा, इतका साधा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कुंपणाच्याच मुद्द्यावर दिला. पण सुनावणीआधी सरन्यायाधीश मॉरिसन वेट बोलून गेले होते, की चौदावी घटनादुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे असंच आम्हा सगळ्यांचं मत आहे, त्यावर युक्तिवाद नको. निकालांचं संकलन करणाऱ्या बँक्रॉफ्ट डेव्हिस यांनी हे वाक्य निकालाच्या वरच्या टिपणात घातलं, आणि पुढच्या वकिलांनी ते निकालच असल्यासारखं वापरलं. हे डेव्हिस पूर्वी स्वतः एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. आणि ती चौदावी दुरुस्ती कोणासाठी होती? यादवी युद्धानंतर, 1868 मध्ये, गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना समान संरक्षण मिळावं म्हणून. ती माणसं पुढची कित्येक दशकं त्या संरक्षणाची वाट बघत राहिली आणि रेल्वे कंपन्या तिच्या आधाराने खटले लढवू लागल्या. मला ही गोष्ट वाचून अजूनही वाईट वाटतं.

तरीही आजच्या वादाचा खरा आधार ते टिपण नाही. तो आहे पैसा आणि बोलणं यांच्यातलं नातं.

निवडणुकीत बोलायचं तर रिक्षा भाड्याने घ्यावी लागते, वर भोंगा लावावा लागतो, पत्रकं छापावी लागतात. म्हणजे खर्चावर मर्यादा घातली की बोलण्यावर मर्यादा येते. 1976 च्या बकली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आणि एक रेघ ओढली. उमेदवाराच्या हातात पैसे देण्यावर मर्यादा चालेल, कारण तिथे देवाणघेवाणीचा धोका आहे. पण स्वतः खर्च करून स्वतः प्रचार करण्यावर मर्यादा चालणार नाही. कंपन्यांनी केंद्रीय उमेदवारांना थेट पैसे देण्यावर तर 1907 पासूनच बंदी आहे, ती आजही उठलेली नाही.

मग 21 जानेवारी 2010 ला ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्याचा निकाल आला. त्या नावाच्या संस्थेने 2008 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध एक चित्रफीत तयार केली होती. तेव्हाच्या कायद्यानुसार पक्षांतर्गत निवडणुकीआधीचे 30 दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे 60 दिवस कंपन्या आणि कामगार संघटनांना उमेदवाराचं नाव घेणारा प्रचार टीव्हीवर करता येत नसे. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी रद्द केली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचा मुद्दा असा, की राज्यघटना बोलण्याला संरक्षण देते, बोलणारा कोण आहे हे पाहून ते काढून घेता येत नाही. आणि उमेदवारापासून स्वतंत्र राहून केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार होत नाही. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी 90 पानांचं विरोधी मत लिहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं, आणि त्यातून ‘सुपर पॅक’ जन्माला आले. सुपर पॅक म्हणजे असा निधी, जो उमेदवाराला पैसे देत नाही, पण त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध हवा तेवढा प्रचार करतो, आणि त्यासाठी कोणाकडूनही कितीही पैसे घेऊ शकतो.

या निकालाचा मला राग येतो, पण त्याच्या बाजूची माणसं खुळी नव्हती. सुनावणीत न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं, की याच तर्काने एखाद्या कंपनीने छापलेल्या पुस्तकावरही बंदी घालता येईल का? सरकारी वकील नाही म्हणू शकले नाहीत. तिथेच खटल्याचं पारडं फिरलं असं पुष्कळजण मानतात. नागरी हक्कांसाठी आयुष्यभर लढणारी एसीएलयूसारखी संस्थाही त्या बंदीच्या विरोधात उभी होती. वृत्तपत्रही कंपनीच काढते, कामगार संघटनाही माणूस नाही. ही अडचण खरी आहे आणि ती झटकून पुढे जाता येत नाही.

पण ‘स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार होत नाही’ हे वाक्य घेऊन वॉशिंग्टनमधून सिएटलला या. तिथली काउन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेची महासभा म्हणा, फक्त सदस्य नऊच. साडेसात लाख वस्तीच्या शहरासाठी नऊ. सात प्रभागांतून, दोन संपूर्ण शहरातून. एका प्रभागात चाळीस हजारांच्या आसपास मतं पडतात. कुठल्याही एका माणसाने उमेदवाराला 2019 मध्ये जास्तीत जास्त द्यायचे ते 500 डॉलर. अशा ठिकाणी 15 लाख डॉलर ओतले की काय होतं, याचा अंदाज गावच्या निवडणुका पाहिलेल्या कोणालाही येईल.

पैसे आले त्यामागे एक जुनं भांडण होतं. शहरात घरभाडी भडकली होती, माणसं तंबूत राहत होती. मे 2018 मध्ये काउन्सिलने नऊ विरुद्ध शून्य मतांनी मोठ्या कंपन्यांवर कर बसवला: वर्षाला 2 कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असेल तर दर कर्मचाऱ्यामागे 275 डॉलर. तो पैसा परवडणारी घरं आणि बेघरांसाठी होता. मतदानाआधीच अ‍ॅमेझॉनने एका नव्या टॉवरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं होतं. कर मंजूर झाल्यावर व्यापारी गटांनी तो सार्वमताने उलटवायची मोहीम उघडली. महिना पुरा व्हायच्या आत काउन्सिलने सात विरुद्ध दोन मतांनी स्वतःचाच कर रद्द केला. दोन विरोधी मतांतलं एक क्षमा सावंत यांचं होतं.

हे नाव आपल्याकडे अनेकांनी ऐकलं असेल. जन्म पुण्याचा, तमिळ कुटुंबातला, वाढल्या मुंबईत. 2023 मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं, तो ठराव त्यांनी आणला होता. समाजवादी, आक्रमक, तडजोडीला तयार नसणाऱ्या. त्यांच्यावर टीका करणारे शहरात भरपूर होते आणि ते सगळे काही कंपन्यांचे हस्तक नव्हते.

2019 च्या निवडणुकीत चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे शहरातल्या व्यापारी संघटनेच्या, निधीतून सातही प्रभागांत पसंतीचे उमेदवार पुढे केले गेले. त्याच निधीत अ‍ॅमेझॉनचे 10 लाख आले तेव्हा मतपत्रिका मतदारांच्या हातात पडायची वेळ झाली होती, कारण तिथे मतदान टपालाने होतं. कामगार संघटनांनीही लाखो डॉलर खर्च केले, हेही सांगायला हवं. मोजणीच्या पहिल्या रात्री सावंत मागे होत्या. मग उशिरा टाकलेल्या मतपत्रिका मोजल्या गेल्या आणि त्या सुमारे 4 टक्क्यांनी निवडून आल्या. चेंबरच्या सात उमेदवारांपैकी दोनच जिंकले. शेवटच्या क्षणी आलेल्या रकमेनेच लोक चिडले, असं तिथे पुष्कळजण म्हणतात.

‘मग बघा, पैशाने निवडणूक विकत घेता येत नाही’ असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो पटत नाही. पैशाचं काम फक्त जिंकून देणं नसतं. 2018 मध्ये निवडणूक झालीच नव्हती. सार्वमताच्या मोहिमेच्या नुसत्या धाकाने नऊपैकी सात हात फिरले. पुढच्या कराच्या वेळी प्रत्येक सदस्याच्या डोक्यात हा हिशेब असणारच. अशा दबावासाठी पाकिटं द्यावी लागत नाहीत, त्यामुळे न्यायालयाच्या भाषेत तो भ्रष्टाचार ठरत नाही.

आता प्रश्न असा की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापुढे एखादं शहर करणार काय?

सगळ्यात आधी शहरांनी केले ते ठराव. एप्रिल 2011 मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात मतदारांना विचारण्यात आलं: घटनेतले हक्क फक्त माणसांचे असावेत आणि पैसा म्हणजे भाषण नव्हे, अशी घटनादुरुस्ती व्हावी का? 84 टक्के लोक हो म्हणाले. त्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या काउन्सिलने असा ठराव एकमताने केला. पुढे न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, आणि शेकडो लहान गावं. अशा प्रत्येक सभेत एक आक्षेप ठरलेला असतो: आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, राज्यघटना आपलं काम नाही. आक्षेप रास्त वाटतो. पण खड्ड्याचं कंत्राट, घरांची परवानगी, कचऱ्याचा दर हे ठरवणारी माणसं ज्या निवडणुकीतून येतात तिचा पैसा कुठून येतो, हा विषय काउन्सिलचा नाही तर कोणाचा?

ठरावाने कायदा मात्र बदलत नाही. घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि मग 50 पैकी 38 राज्यांची संमती. सप्टेंबर 2014 मध्ये सिनेटमध्ये अशा दुरुस्तीवर मतदान झालं, 54 विरुद्ध 42. चर्चा संपवायलाच 60 मतं लागत होती, त्यामुळे ती तिथेच अडली.

कंपन्यांना थेट अंगावर घेणाऱ्यांना कोर्टात फटके बसले. मोंटाना राज्यात सव्वाशे वर्षांपूर्वी तांब्याच्या खाणमालकांनी विधानसभा अक्षरशः विकत घेतली होती. विल्यम क्लार्क या खाणसम्राटाने आमदारांना लाच देऊन सिनेटची जागा मिळवली आणि चौकशी अंगाशी आल्यावर त्याला ती सोडावी लागली. त्या अनुभवातून लोकांनी 1912 मध्ये कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी घातली. राज्याच्या न्यायालयाने हा इतिहास पुढे ठेवून ती बंदी टिकवली. सर्वोच्च न्यायालयाने जून 2012 मध्ये युक्तिवादही न ऐकता ती मोडीत काढली. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट काउंटीने 2006 मध्ये बाहेरच्या कंपन्यांना स्थानिक निवडणुकीत पैसे द्यायला बंदी केली होती. तीही कोर्टात गेल्यावर टिकली नाही.

सिएटलने दोन वेगळ्या वाटा शोधल्या.

पहिली वाट: कंपनीला गप्प बसवता येत नाही ना, मग माणसाला आवाज द्या. 2015 मध्ये मतदारांनी ‘डेमोक्रसी व्हाउचर’ मंजूर केले. निवडणुकीच्या वर्षी पालिका रहिवाशाला 25 डॉलरची चार कुपनं टपालाने पाठवते. ती रोख होत नाहीत. आवडत्या उमेदवाराचं नाव लिहायचं, तारीख घालायची, सही करायची आणि परत पाठवायचं, किंवा दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात द्यायचं. पैसा मालमत्ता करातून येतो, पहिली दहा वर्षं तो वर्षाला 30 लाख डॉलर होता. कुपनं घेणाऱ्या उमेदवाराला आधी ठरावीक संख्येने लहान देणग्या गोळा करून दाखवाव्या लागतात आणि खर्चाची मर्यादा पाळावी लागते. समोरून सुपर पॅकचा पूर आला तर ही मर्यादा उठवून मागता येते. 2019 मध्ये अनेकांना ती मागावी लागली. काही घरमालक याविरुद्ध कोर्टात गेले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने योजना एकमताने वैध ठरवली. 2025 मध्ये मतदारांनी ती पुढे चालू ठेवली.

दुसरी वाट माझ्या भावाच्या 25 डॉलरमधून जाते. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका कॅनेडियन वकिलाला प्रचाराची पत्रकं छापून वाटायची होती. परदेशी माणसाला ते करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. मग शहरांनी विचारलं, परदेशी माणसाचा पैसा चालत नसेल तर परदेशी मालकी असलेल्या कंपनीचा कसा चालतो? फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गने 2017 मध्ये हा धागा पकडला. सिएटलच्या काउन्सिलने लोरेना गोन्झालेझ यांच्या पुढाकाराने जानेवारी 2020 मध्ये एकमताने कायदा केला: एका परदेशी गुंतवणूकदाराची मालकी 1 टक्का असेल, किंवा अनेकांची मिळून 5 टक्के असेल, तर ती कंपनी शहराच्या निवडणुकीत पैसा घालू शकत नाही. शेअर बाजारातल्या बहुतेक बड्या कंपन्या या जाळीत अडकतात. मिनेसोटा राज्याने 2023 मध्ये असाच कायदा केला तेव्हा मात्र केंद्रीय न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. म्हणजे ही वाटही पक्की नाही.

आणि यात मला एक काटा टोचतो. ही युक्ती चालते ती परदेशी माणसाला बाहेर ठेवणाऱ्या नियमाच्या खांद्यावर उभी राहून. कंपनीला अडवलं याचा आनंद आहे, पण दारात आलेल्या कार्यकर्तीने भावाचे पैसे नाकारले, तो नियम त्यामुळे आणखी घट्ट होतो.

आपण हा सगळा तमाशा लांबून बघतोय असं समजू नका. हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे 1957 मध्येच आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचा होता आणि एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी बदलाला परवानगी दिली, कारण तेव्हाचा कायदा तो अडवत नव्हता. पण नव्याने उभ्या राहणाऱ्या लोकशाहीला यात मोठा धोका आहे, संसदेने याचा विचार करावा, असं त्यांनी निकालातच बजावलं. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली पण नफ्याच्या 5 टक्क्यांची मर्यादा राहिली, 2013 मध्ये ती साडेसात झाली, आणि 2017 मध्ये निवडणूक रोख्यांबरोबर, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायच्या सोयीबरोबर, ती मर्यादाच काढून टाकली गेली.

15 फेब्रुवारी 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने रोखे तर रद्द केलेच, मर्यादा काढणारी तरतूदही रद्द केली. कंपनीची देणगी हा परताव्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, तिला व्यक्तीच्या देणगीच्या पंक्तीत बसवणं मनमानी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अमेरिकेच्या निकालाच्या हे जवळपास उलट टोक. एका बाबतीत मात्र अमेरिका आपल्या रोख्यांच्या व्यवस्थेपेक्षा पुढे होती. सिटिझन्स युनायटेडमध्ये नऊपैकी आठ न्यायाधीशांनी पैसा कोणाचा हे उघड करण्याचा नियम कायम ठेवला होता. सिएटलच्या मतदाराला अ‍ॅमेझॉनचा आकडा मतदानाआधी कळला. आपल्याला नावं कळायला न्यायालयाला स्टेट बँकेच्या मागे लागावं लागलं.

भावाला गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. मत अजून देता येत नाही, पण व्हाउचरसाठी अर्ज करता येतो. त्याने तो केला आणि चार कुपनं घरी आली. व्हिडिओ कॉलवर त्याने मला ती एकेक करून दाखवली. त्याचं नाव छापलेलं, खाली उमेदवाराच्या नावासाठी कोरी रेघ. तीन त्याने भरून पाठवली होती. चौथं फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं. कोणी दारात आलं तर द्यायला, म्हणाला.